भट्टी ओततात तेवढा वेळ

जालन्यात रात्री बँड ऐकायचा
म्हणजे खलबत्त्यात कान घालून बसायचं.
एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगार वितळवतात
आणि त्यांचा खरखराट चाळीस मीटरवर
काट्याला एस-नऊच्या पुढे रेटून उभा राहतो.
मागे कोणी बोलत असेल, इंफाळहून, मस्कतहून,
मला फक्त लोखंड ऐकू येतं.

तार आमच्या गच्चीवर. वीस मीटर, मधोमध तोडलेली,
मंडपवाल्याकडून घेतलेल्या बांबूवर
उलट्या व्हीसारखी.
एक टोक पाण्याच्या टाकीला,
दुसरं शेजारच्या तोतलांच्या कडुनिंबाला.
त्या बदल्यात दर उन्हाळ्यात एक बरणी लोणचं,
आणि त्यांचा टीव्ही अडकला
की दोष माझा असो नसो, मी माईक खाली ठेवायचा.
"एकट्याच काय बोलायल्यात वो?" तोतलाबाई विचारतात.
एकटी नाही, म्हणते. पण पुढचं सांगत नाही.

बालून शाळेच्या प्रयोगशाळेत गुंडाळला,
पीव्हीसीच्या तुकड्यावर, पोरं परीक्षेला बसलेली असताना.
पहिल्यांदा मीटरनं तीन दाखवले.
मग वीतभर तार कापली, मग चार बोटं.
"जास्त कापू नका," खरात सर म्हणाले,
"वाढवता येतं, पण जोड दिसतो."
तारेबद्दलच म्हणाले असतील.

क्लब त्यांच्याच गॅरेजात, दुसऱ्या रविवारी.
नऊ सभासद, पाच खुर्च्या, एक चालू सोल्डरिंग गन.
डोंगरावर रिपीटर बसवायचा ठराव
तीन वर्षं दर बैठकीत एकमतानं मंजूर होतो.
बाई मी एकटीच. अठ्ठावन्न वर्षांची.
या छंदात बाईला यंग लेडीच म्हणतात, शेवटपर्यंत.
सासरी कोणी म्हटलं नव्हतं.

इथं सगळे सगळ्यांना फाइव्ह नाइन देतात,
लग्नात जेवण छान झालं म्हणतात तसं,
घास तोंडात जायच्या आधीच.
मुनीरभाई तेवढे खरं सांगतात:
"तीन-तीन. आवाज पाण्यातून येतो तुमचा."
मुनीरभाई भट्टीवर इलेक्ट्रिशियन आहेत.
माझ्या घराच्या सगळ्यात जवळच्या भट्टीवर.
म्हणजे माझ्या कानातला तो गोंधळ
त्यांच्याच पाळीत तयार होतो.

मार्चमध्ये एका रात्री, पावणेबाराला, त्यांचा फोन:
"बाई, माल ओतरे. दस मिनट हैं तुम्हारे कने."

आणि काटा पडला.
दळण संपल्यावर गिरणी थांबते तसा
आवाज आधी उतरला, मग नव्हताच.
तळाशी एक माणूस होता.
बहुतेक कधीचा तिथेच होता, हाका मारत.
इर्कुत्स्क. नाव गेन्नादी.
मी माझं गाव सोडवून सांगितलं:
जुलिएट, अल्फा, लिमा, नोव्हेंबर, अल्फा.
"जाल-ना?" तो म्हणाला,
जणू मीच चुकीचं सांगतेय.
त्याच्याकडे उणे एकोणीस, माझ्याकडे चोवीस.
यावर दोघांनाही काही सुचेना.
अँटेना कोणती? साधी तार, म्हटलं,
बांबू, आणि पलीकडे नीमचं झाड.
नीम म्हणजे काय, त्यानं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं
आणि दुसरी हीट लागली.
काटा चढत गेला. मी तरीही बटण दाबून
"कडू" म्हणाले, मराठीतच, घाईत,
मग इंग्रजीत सावली, मग काय काय.
तिकडे काय पोचलं कोण जाणे.

कार्ड आलं आषाढात,
एका कोपऱ्यावर भिजून वाळलेलं.
पुढे गोठलेलं तळं, त्यावर उभी एक मोटार.
मागे तारीख, वेळ, रिपोर्ट,
आणि निळ्या शाईत, शेऱ्याच्या जागी
एकच शब्द: नीम. पुढे प्रश्नचिन्ह.

रविवारी ते गॅरेजभर फिरलं.
मुनीरभाईंनी चष्मा वर सरकवला,
तळं बघितलंच नाही, थेट आकडा वाचला.
"तीन-तीन दिया," म्हणाले. "सच्चा आदमी है."
मी पिशवीतून काडीसकट आणलेली पानं
कोऱ्या पाकिटात घालून बघितली.
जाडी जास्त होत होती.
खरात सरांनी तोवर रिपीटरचा विषय काढला.